सरळ धार, उतरती पाठ: लॅम्बफूट पात्याच्या चाहत्यांसाठी धागा

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी,

घडीच्या चाकूंवर इथे बरंच बोलणं होतं, पण ते पोलाद, मूठ आणि किंमत यांच्यापुढे फारसं सरकत नाही. पात्याच्या आकारावर कुणी सवडीने लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा धागा फक्त एका आकारासाठी.

धार टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत एकदम सरळ. पाठ मात्र मुठीपासूनच हळूहळू उतरायला लागते आणि पुढे छोटीशी गोलाई घेऊन धारेला मिळते. टोक वर उचललेलं नाही, ते धारेच्याच रेषेत, खाली. इंग्लंडातल्या शेफिल्ड शहरात हे पातं पिढ्यान्‌पिढ्या घडत आलंय आणि तिथे त्याला लॅम्बफूट म्हणतात. शेतात, बागेत, गोठ्यात, दुकानात राबणाऱ्या माणसाच्या खिशात एकच चाकू राहणार असेल, तर तो या पात्याचा असावा असं माझं ठाम मत आहे.

याची दोन सख्खी भावंडं आहेत आणि नवख्यांचा इथेच घोळ होतो. शीपफूटमध्ये पाठ जवळजवळ शेवटपर्यंत धारेला समांतर चालते आणि टोकाशी आली की एकदम गोल वळून खाली उतरते, त्यामुळे नाक बोथट आणि रुंद. वॉर्नक्लिफमध्ये पाठ लांबवर, सावकाश उतरत जाते आणि शेवटी सुईसारखं बारीक टोक उरतं. लॅम्बफूट या दोघांच्या मधलं. शीपफूटचा दणकटपणा थोडा, वॉर्नक्लिफची नजाकत थोडी. तिघांचीही धार सरळच.

आता हे आपल्याकडे कशाला, असं कुणी विचारेल. आपली कामं मोजून बघा. १६ एमएमची ठिबकची नळी कापायची आहे. धारेला पोट असलेला चाकू नळीवर फिरवला की तो वाट सोडतो, काप तिरका येतो, मग जॉइनर नीट बसत नाही आणि पाणी सोडलं की तिथेच डबकं. सरळ पातं अंगठ्याच्या आधाराने ओढलं की काप चौकस येतो. कांद्याच्या, कापसाच्या बारदानाची शिवण उसवायची आहे: टोक खाली असल्यामुळे ते दोऱ्याखाली सरकतं, पण आतल्या मालात घुसत नाही. सुतळी, दोर, पॅकिंगची पट्टी, सगळं टाचेशी पकडायचं आणि टोकाकडे ओढून तोडायचं. पूर्ण लांबीची धार कामाला येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळा भरणं. गावठी बोर उन्हाळ्यात छाटायची, पावसाळ्याच्या तोंडी नवे धुमारे आले की त्यावर उमराण किंवा मेहरूण या चांगल्या बोरांचा डोळा, म्हणजे कळी, बसवायचा. सालीवर एक आडवी चीर आणि एक उभी चीर. साल कापली पाहिजे, आतलं लाकूड नाही. इथे टोक धारेच्या रेषेत असणं काय चीज आहे ते हातात धरल्यावरच कळतं. मनगट वाकवायला लागत नाही, टोक नेमकं कुठे आहे ते बोटाला ठाऊक असतं. डोळा काढतानाही तसंच. ढालीच्या आकाराचा, दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा एकाच ओढीत यायला हवा. धार सरळ असली की त्याची खालची बाजू सपाट येते आणि सपाट आली की सालीखालच्या त्या ओल्या, हिरवट थराला ती सगळीकडून टेकते. मध्ये फट राहिली की तिथे डोळा सुकलाच म्हणून समजा.

तुमच्याकडे या घराण्यातलं कुठलंही पातं असेल तर लिहा. फोटो असतील तर उत्तमच.

निसवण (रावेर)

भाऊ, मनातलं लिहिलंत. आमच्या घरात असा एक जुना चाकू आहे, साध्या पोलादाचा, मुठीला म्हशीचं शिंग. कुठून आला ते आता सांगायला कुणी नाही. केळीची बाग निसवली, म्हणजे घड बाहेर पडले, की केळफूल खुडायला आणि घडाच्या खालच्या बारक्या फण्या काढायला मी तोच वापरतो. विळा आहेच, पण घडाजवळ विळा फिरवला की वरच्या फणीला ओरखडा जातो, आणि ओरखडा गेलेला माल व्यापारी बाजूला काढतो. या चाकूचं टोक बाहेर येत नाही, म्हणून फणीला लागत नाही.

एक विचारायचं होतं. केळीच्या चिकाने त्याचं पातं पार काळं-निळं झालंय. लाल गंज नाही, पण चकाकी कायमची गेली. घासून काढू का?

तापीकाठ (चोपडा)

निसवण भाऊ, हात लावू नका त्याला! ती त्या चाकूची कमाई आहे.

चिकात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड भेटलं की निळसर काळा रंग धरतो. आपल्या जुन्या वह्या ज्या शाईने लिहिल्या गेल्या त्यातली एक शाई हिरडा आणि हिराकस यांचीच असायची, हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह. तुमच्या पात्यावर तीच शाई धरलीय. लोखंडी विळीवर वांगं चिरलं की फोडी काळवंडतात त्यालाही हेच कारण. हा थर पातळ असतो, पण पोलादाला घट्ट धरून बसतो आणि लाल गंजाला थोडा तरी अटकाव करतो. पातं पुसून कोरडं ठेवा, बस्स. धारेची दोन्ही बाजूंची बारीक रेघ तेवढी चकचकीत राहू द्या.

नव्या चाकूला असा रंग मुद्दाम आणायचा तर लिंबू कापत राहायचं, पण त्याने राखाडी रंग येतो. केळीच्या चिकाची निळाई त्याला नाही.

माळावरचा (साक्री)

भाऊ, भलता भारी धागा शे हाऊ! मना आजा बी असाच चाकू वापरे.

मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. आम्ही ठेलारी. मेंढरं आमची. पावसाळ्यात जमीन मऊ असते, खुरं झिजत नाहीत, वाढून आत दुमडतात. दुमडीत चिखल-लेंड्या अडकल्या की खूर सडतं आणि जनावर गुडघ्यावर चरायला लागतं. मग एकेक मेंढी बसवायची, पाय मांडीवर घ्यायचा आणि वाढलेली कड छाटायची. मेंढी गप्प थोडीच बसते! ती झटका मारते तेव्हा चाकू तुमच्या हातात असतो आणि तिची पोटरी शेजारी असते. अणकुचीदार टोकाचा चाकू असेल तर एक तर तिला लागणार, नाही तर तुमच्या मांडीत जाणार. बोथट नाकाचं पातं असलं की कितीही झटकली तरी नुसतं घसरतं.

शीपफूट नाव त्यावरूनच पडलं असं मागे कुणीतरी सांगितलं होतं, खरं का?

तापीकाठ (चोपडा)

माळावरच्या दादा, मेंढीची खुरं छाटायला हे पातं वापरायचे आणि त्याची बाह्यरेषाही खुरासारखीच दिसते, दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. दुसरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे खलाशी. हलत्या जहाजावर दोर कापताना तोल गेला तरी चाकू अंगात खुपसू नये, म्हणून त्यांच्याकडे शीपफूटच असायचं. दोर लाकडावर ठेवायचा, धार त्यावर ठेवायची आणि रुंद पाठीवर लाकडाचा ठोकळा मारायचा.

तुमचं झटक्याचं वर्णन वाचून मला आणखी एक मुद्दा आठवला. आपले हे जुन्या घडणीचे घडीचे चाकू लॉकचे नसतात. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, तिच्या दाबावर पातं उघडं राहतं. टोकाने भोसकायला गेलं की पातं उलटं मिटतं आणि थेट बोटांवर येतं. लॅम्बफूट, शीपफूटने कुणी भोसकायला जातच नाही, ओढूनच कापतो, आणि ओढताना जोर पातं उघडं ठेवण्याच्या दिशेनेच पडतो. बिनलॉकच्या चाकूला हा आकार किती शोभतो ते यावरून बघा.

डॉक्टर गोठेवाले (धुळे)

पशुवैद्यक म्हणून थोडी भर घालतो. खूर छाटताना दुमडलेली कड तळव्याच्या पातळीपर्यंतच आणायची. पांढऱ्या भागात गुलाबी झाक दिसली की थांबायचं, त्यापुढे रक्त येतं. छाटणी पाऊस पडून खूर मऊ असताना करा, उन्हाळ्यात ते दगडासारखं कडक होतं आणि जोर लावताना हात निसटतो. एका जनावराचं सडकं खूर छाटलं की पुढच्याला हात लावण्याआधी पातं जंतुनाशकात बुडवून पुसायचं. नाही तर चाकूच रोग वाटत फिरतो.

अमेरिकेत गुराख्यांसाठी तीन पात्यांचा एक चाकू निघाला, स्टॉकमन. त्यात एक लांब टोकदार क्लिप, एक शीपफूट आणि एक स्पे. स्पे हे पातं जनावरं खच्ची करण्यासाठी, त्याचंही टोक मुद्दाम बोथट केलेलं. आपल्याकडे ते काम आता बर्डिझोच्या चिमट्याने होतं, रक्त न काढता, आणि ते जाणत्या माणसानेच करावं. पण जनावराच्या अंगाशी ज्या दोन पात्यांनी काम व्हायचं ती दोन्ही बोथट नाकाची, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

चूल आणि अंगण (शहादा)

सगळ्यांचं वाचलं, छान वाटलं. पण तापीकाठ दादा, "एकच चाकू असेल तर हाच" हे मला पटत नाही.

स्वयंपाकघरात सरळ धारेची मर्यादा लगेच कळते. पाटावर कोथिंबीर, लसूण बारीक करायचा तर पातं झोक्याने पुढे-मागे डोलायला हवं, त्याला धारेला पोट लागतं. सरळ पातं पाटावर नुसतं आपटतं. आंबा सोलताना, फणसाचा गर काढताना गोलाईच हवी. भरताचं वांगं देठाजवळ चिरायचं असेल तर सरळ पातं चांगलं, ते मान्य. पण आपली विळीसुद्धा गोल धारेची आहे, हे आपल्या आज्यांनी विचार करूनच ठरवलं असणार ना?

तापीकाठ (चोपडा)

ताई, मुद्दा रास्त आहे आणि मी तो मानतो. डोलवून चिरायचं काम सरळ धारेचं नाहीच. कातडं सोलण्याचंही नाही, तिथे पोटवालं पातं लागतं. विळीचं तर गणितच वेगळं: पातं जागेवर, भाजी हातात, आणि आपण भाजी धारेच्या वळणावर सरकवत नेतो.

पण मी खिशातल्या चाकूबद्दल बोलतोय. खिशातल्या चाकूला पाट कुठे मिळतो? एक हात वस्तूला, दुसरा चाकूला. पेरूची फोड अंगठ्याकडे ओढून काढायची, उसाचं कांडं सोलायचं, दोरी तोडायची, पाकीट फोडायचं. या ओढीच्या कामात सरळ धार एकदम जवळची वाटते. गोल धारेत टोकाकडचा भाग वर पळून जातो, म्हणजे जिथे बोटाचा ताबा सगळ्यात जास्त तिथेच धार कामापासून लांब. कागदावर रेघ मारून पट्टीने कापून बघा, फरक हाताला कळेल.

तरी तुमचं ऐकून माझं वाक्य एवढं आवरतो: घराबाहेर एकच चाकू असेल तर हाच.

लोकोशेड (भुसावळ)

मी रेल्वेतून निवृत्त फिटर. आमच्याकडे केबल सोलायला सरळ पातंच असायचं. वरचं आवरण गोल कापायचं, मग लांबीत एक चीर, आतल्या तारेच्या इन्सुलेशनला धक्का नाही. टोकदार चाकू आमच्या मुकादमाने कुणाच्या हातात राहू दिला नाही.

इथे परदेशी चाकूंचं कौतुक चाललंय ते योग्यच, पण गावचा लोहार हे पातं उत्तम करतो, हे मला सांगायचंय. सरळ धार असल्यामुळे घडायला आणि घासायला सोपी, गोलाई राखायची कटकट नाही. माल म्हणजे गाडीचा पाटा, खालची पोलादी स्प्रिंग. त्याचं पोलाद चांगलं पाणी धरतं, म्हणजे तापवून एकदम थंड केलं की कडक होतं. जुन्या पाट्यात बारीक तडे असतात, ते आधी बघून घ्या. पाणी देताना लोखंड किती तापलं ते ओळखायला चुंबक जवळ ठेवायचं. साधारण ७७० अंशांवर पोलादाला चुंबक चिकटायचं थांबतं. तिथून थोडंसं वर नेऊन तेलात सोडायचं, पाण्यात नाही, पातळ पातं पाण्यात तडकतं. तेलातून काढलं की ते काचेसारखं ठिसूळ असतं. मग स्वच्छ घासून पाठीकडून हलक्या आचेवर धरायचं, गव्हाळ पिवळा रंग धारेकडे सरकताना दिसतो. तो धारेला पोचला की लगेच थंड करा. पुढे जांभळा, निळा झाला तर धार मऊ पडली.

हॅकसॉच्या हायस्पीड ब्लेडचे चाकू पण लोक करतात. ते तापवायचे नाहीत, नुसते घासून आकार द्यायचा. धार फार दिवस टिकते, पण वाकवलं की मोडतं.

प्रतापनगरी (अमळनेर)

काका, हा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा असा आहे.

माझा प्रश्न धारेचा. माझ्याकडे लॅम्बफूट आहे, पण घासून घासून धारेच्या मध्यभागी खड्डा पडल्यासारखं झालंय. टाचेशी कापतं, टोकाशी कापतं, मध्ये कागद नुसता दुमडतो. शिकलगाराकडे दिला तर तो फिरत्या चाकावर एका मिनिटात आणखी खाऊन ठेवेल अशी भीती वाटते.

तापीकाठ (चोपडा)

सरळ धारेचा हा एकमेव नाजूक भाग, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खात्री करा. काचेचा सपाट तुकडा घ्या, त्यावर धार उभी टेकवा आणि मागून बॅटरी धरा. जिथून उजेड येतो तिथे खड्डा. बहुतेकांचा खड्डा मध्यात किंवा टाचेच्या पुढे बोटभर अंतरावर निघतो. कारणं दोन. एक, दगडच मध्ये खोल झालेला असतो, आणि खोल दगडावर सरळ धार सरळ राहूच शकत नाही. दोन, टाचेशी मूठ आडवी येते म्हणून तो कोपरा घासलाच जात नाही, आणि त्याच्या पुढचा भाग मात्र रोज घासला जातो.

म्हणून चाकूच्या आधी दगड सरळ करा. दगडावर शिसपेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा. जाड काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून चिकटवा आणि त्यावर दगड पालथा घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. मध्ये रेघा उरल्या तर अजून घासा. न्हाव्याकडे वस्तऱ्याची सिल्ली असते ती बघा, जुना न्हावी तिला कधीच मध्ये खोल होऊ देत नाही.

आता पातं. खड्डा भरून येत नाही, त्यामुळे टाच आणि टोक खाली आणावं लागतं. जाडसर दगडावर पूर्ण लांबी एकदम टेकेल असं पातं आडवं ठेवा आणि दोन्ही बाजू सारख्या घासा. प्रत्येक बाजूला साधारण १५ ते २० अंशांचा कोन पुरे. मधूनमधून काचेवर उजेड बघत राहा. उजेड बंद झाला की बारीक दगड, मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून हलका हात. एकाच बैठकीत उरकायचा अट्टाहास नको, फार पोलाद खाऊ नका. एक लक्षात असू द्या: टाचेशी मुठीलगत असलेला बिनधारेचा उंचवटा घासला गेला तर चाकू मिटताना धार आतल्या पट्टीवर आपटते आणि नेमकी तिथेच बोथट होते. मिटलेल्या चाकूत वरून बघा, धार आणि पट्टी यांच्यात उजेड राहायला हवा.

शिकलगाराला नावं ठेवू नका. त्याला "चाकावर नको, दगडावर करून दे" म्हणून सांगितलं आणि समोर बसलात, तर तो तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करील. त्याच्या हातात पिढीचं काम आहे.

सरळ धारेचा फायदाही इथेच. एकदा दगड सपाट असला की पातं ठेवायचं आणि ओढायचं. गोल धारेला ओढता ओढता मनगट उचलावं लागतं, इथे तो प्रश्नच नाही. नव्या माणसाला धार लावायला शिकवायचं तर मी लॅम्बफूटच हातात देतो.

जुनी पानं (एरंडोल)

शेफिल्डबद्दल थोडं. तिथेच हे सगळं का घडलं याची मला फार उत्सुकता होती म्हणून वाचत गेलो. शहराभोवती पाण्याच्या जोरावर चाकं फिरवता येतील अशा नद्या, घासायला लागणारा वाळूचा दगड जवळच्या डोंगरात. चाकू-सुऱ्या करणाऱ्यांची कटलर्स कंपनी १६२४ मध्ये कायद्याने उभी राहिली. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली आणि एकजीव, स्वच्छ पोलाद हाती आलं. पुढे १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद केलं तेही तिथेच.

एकेक चाकू अनेक हातांतून जायचा: कुणी पातं घडणारा, कुणी घासणारा, कुणी मूठ बसवणारा. छोट्याशा खोलीत स्वतःच्या नावावर काम करणाऱ्या या कारागिरांना तिथे लिटल मेस्टर म्हणत. घासणाऱ्यांची मात्र फार वाईट अवस्था होती. दगडाची धूळ छातीत बसून तरणीताठी माणसं दमेकरी होऊन जायची. जुना चाकू हातात घेतला की मला ती माणसं आठवतात.

वॉर्नक्लिफ हे नाव तिकडच्याच लॉर्ड वॉर्नक्लिफ यांच्यावरून, आणि ते पातं जोसेफ रॉजर्स कंपनीशी जोडलेलं. तारा आणि क्रॉस अशी खूण असलेले रॉजर्सचे चाकू आपल्याकडेही भरपूर आले. जुन्या पेटाऱ्यांत अजून सापडतात.

आणि आपला धागा तिकडे असा जोडलेला की त्या चाकूंच्या मुठींना सांबराची आणि म्हशीची शिंगं भारतातून जायची. सांबरशिंगाचा व्यापार आता बंद आहे आणि तो बंदच राहावा. सातपुड्यात सांबर दिसलं तर डोळे भरून बघा. मूठ म्हशीच्या शिंगाची किंवा शिसवीची, तीही देखणीच.

बोरू आणि टाक (पारोळा)

यात माझी एक गोष्ट जोडा. जुन्या घडीच्या चाकूचं इंग्लंडातलं एक मोठं काम होतं पिसाची लेखणी तासणं. आपल्याकडे पीस नव्हतं, बोरू होता. मी अजून मोडीचा सराव बोरूने करतो. बोरूचं टोक तासून पातळ करायचं, मध्ये चीर द्यायची आणि शेवटी टोक तिरकं छाटायचं. ही शेवटची छाटणी एका दाबात झाली पाहिजे. बोरू शिंगाच्या किंवा कडक लाकडाच्या तुकड्यावर ठेवायचा, धार हव्या त्या कोनात टेकवायची आणि पाठीवर अंगठ्याने दाबायचं. "टक्" आवाज येतो. धार सरळ असेल तर टोक सपाट येतं आणि अक्षराची जाड-बारीक रेघ स्वच्छ उमटते. धारेला जरा जरी गोलाई असली तर बोरूचं एक टोक कागदाला लागतं, दुसरं अधांतरी. लॅम्बफूट हातात आल्यापासून माझे बोरू सुधारले हे मी खात्रीने सांगतो.

चूल आणि अंगण (शहादा)

दादा, आणखी एक. मुलगा कृषी महाविद्यालयात आहे, कलमं शिकतोय. त्याला असा चाकू घेऊन द्यायचा विचार आहे. बाळगायला कायद्याची अडचण तर नाही ना?

जुनी पानं (एरंडोल)

ताई, शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत धारदार हत्यारांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू धरलेत, आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळलीत. आपलं लॅम्बफूट जेमतेम ३ इंचांचं. पण सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात चाकूही येतात. तेव्हा घरी ठेवलेला बरा. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेच्या गर्दीत खिशात चाकू नको, हे कायद्यापलीकडचं सांगणं.

तापीकाठ (चोपडा)

ताई, कलमासाठीच घेत असाल तर एक बघून घ्या. कलमाचे खास चाकू एकाच बाजूने घासलेले असतात, दुसरी बाजू सपाट, त्यामुळे पाचर कलमाचा लांब काप आणखी सपाट येतो. ते उजव्या हाताचे वेगळे, डाव्या हाताचे वेगळे मिळतात. मुलगा डावखुरा असेल तर दुकानदाराला तसं सांगा. लॅम्बफूट दोन्ही बाजूंनी घासलेलं असतं, ते कोणत्याही हाताला चालतं. शिकायला कलमाचा चाकू आणि खिशात लॅम्बफूट, अशी जोडी झाली तर मुलाची चैन आहे.

निसवण (रावेर)

भाऊ, तुमचं ऐकून घासला नाही. पण आता उन्हाळ्यात खिशात घामाने सांध्याशी लाल गंज धरतोय आणि उघडायला जड जातोय. खोबरेल सोडलं तर चालेल का?

लोकोशेड (भुसावळ)

खोबरेल नको आणि गोडंतेलही नको. खाण्याची तेलं हवेने चिकट होतात, त्यात धूळ बसली की सांधा आणखी जाम. आधी चाकू उघडा-मिट करत सांध्यात थोडं रॉकेल सोडा, लाल पाणी बाहेर येईल ते फडक्याने टिपा. स्वच्छ यायला लागलं की कोरडा करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. त्याच चाकूने फळं कापत असाल तर मशीनच्या तेलाऐवजी मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. मे महिन्यात शर्टाच्या खिशात ठेवू नका, पिशवीत ठेवा, आणि रात्री पुसल्याशिवाय मिटू नका.

माळावरचा (साक्री)

काका, आमच्या लोहाराला तुमचा पाट्याचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणतो चुंबकाचं माहीत नव्हतं, करून बघतो. दोन पाती टाकायला सांगितलीयेत, एक शीपफूट खुरांसाठी, एक लॅम्बफूट माझ्यासाठी. मूठ बाभळीची ठेवू का शिसवीची?

लोकोशेड (भुसावळ)

बाभळीची ठेवा. पण पूर्ण वाळलेली घ्या, नाही तर रिबिटाशी फाटते. भोक पाडताना रिबिटापेक्षा केसभर मोठं पाडा.